‘श्रिफ्ट’ला मराठीत काय म्हणायचं? एका नाट्यभाषांतराचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मुंबईच्या पश्चिम उपनगरांतल्या एका हौशी नाट्यसंस्थेने ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ मराठीत बसवायला घेतलं, तेव्हाचं हे प्रकरण. संस्थेचं आणि माणसांचं नाव इथे दिलेलं नाही. ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. भाषांतर मराठीच्या एका निवृत्त शिक्षिकेने केलं होतं. त्यांना सगळे बाई म्हणायचे, इथेही तेच म्हणतो. दिग्दर्शक बँकेत नोकरीला, संध्याकाळी सातनंतर दिग्दर्शक. ज्युलिएटच्या दाईचं काम करणारी कलाकार गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबातली, वाढलेली वांद्र्यात. मी वाचनांना बसत होतो ते भाषेवर लक्ष ठेवायला.

बाईंचा नियम साफ होता: नाटक व्हेरोनातच घडेल. शेक्सपिअरला देशी कपडे चढवायची सवय मराठी रंगभूमीला जुनी आहे. देवलांनी ऑथेल्लोचा झुंझारराव केला आणि तो प्रेक्षकांनी डोक्यावर घेतला. त्या वाटेने गेलं असतं तर हा प्रश्न उद्भवलाच नसता, कारण फ्रायर लॉरेन्स, म्हणजे नाटकातला मठवासी पाद्रीच, उरला नसता. पण इथे गाव इटलीतलं, माणसं कॅथलिक, आणि पाद्र्यासमोर गुडघे टेकून पाप सांगणं हा त्यांच्या रोजच्या जगण्याचा भाग. तो काढला तर कथानकाचा खिळाच निघतो.

मूळ संहितेत या विधीसाठी दोन शब्द येतात. एक आपल्या ओळखीचा, कन्फेशन. दुसरा श्रिफ्ट. हा दुसरा शब्द आजच्या इंग्रजीत एकटा फारसा फिरत नाही. ‘शॉर्ट श्रिफ्ट’ या जोडीत तो उरलाय: कुणाचं म्हणणं नीट ऐकून न घेता त्याची बोळवण करणं, आपल्याकडच्या वाटाण्याच्या अक्षता. आणि उरलाय एका सणाच्या नावात, श्रोव्ह ट्यूजडे. राखेच्या बुधवारी चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो, त्याच्या आदल्या मंगळवारी लोक पाप सांगून मोकळे व्हायचे. घरातली अंडी-लोणी उपवासाआधी संपवायची म्हणून इंग्लंडात त्या दिवशी पॅनकेक करतात. गोव्यात त्याच दिवसांत इंत्रूज येतो, म्हणजे कार्निव्हल. तारीख तीच, नावं मात्र दोन टोकांची: इंग्रजांनी दिवसाला पापमुक्तीचं नाव दिलं, पोर्तुगीजांनी उपवासाच्या उंबरठ्याचं.

अडचण कुठे दिसली

पहिल्या खर्ड्यात बाईंनी श्रिफ्टसाठी सगळीकडे ‘प्रायश्चित्त’ हा शब्द घातला होता. शब्दकोशात पाहिलं तर तो चूक नाही. पहिल्या वाचनात दाईची जागा आली. रोमिओने निरोप पाठवलाय की आज दुपारी ज्युलिएटने काहीतरी निमित्त काढून फ्रायरच्या कोठडीत यावं, तिथेच लग्न उरकू. दाई निरोप घेऊन परत येते, कंबर दुखते, दम लागलाय म्हणून पोरीला चांगलं ताटकळत ठेवते, आणि मग एकदम विचारते: ‘‘आज प्रायश्चित्त घ्यायला जायची परवानगी मिळाली का तुला?’’

वाचन थांबलं. ज्युलिएटच्या बापाचं काम करणारा गृहस्थ म्हणाला, ‘‘बाई, हे माझ्या कानावर आलं तर मी पोरीला घराबाहेर सोडणार नाही. तिने केलं काय, हे आधी विचारेन.’’

त्याचं बरोबर होतं. मराठीत प्रायश्चित्त म्हटलं की आधी गुन्हा येतो, तोही चारचौघांत गाजलेला. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही मंडळींनी चहा घेतला, आणि त्या एका कपावरून रानडे-टिळकांसारख्यांना प्रायश्चित्ताच्या वादात सापडावं लागलं. एवढा त्या शब्दाला आपल्याकडे जातीचा, सभेचा, वाळीत टाकण्याचा वास आहे. व्हेरोनातल्या पोरीचं फ्रायरकडे जाणं याच्या नेमकं उलट. अविवाहित मुलीला घराबाहेर पडायला, तेही एकटीने, एका पुरुषाशी दार लोटून बोलायला, मिळणारं ते एकमेव निरुपद्रवी कारण आहे. आईबाप अडवत नाहीत, उलट खूश होतात. या एका निमित्तावर चोरटं लग्न होतं, पुढे झोपेच्या औषधाची कुपी हातात येते. शब्दच संशयास्पद निघाला तर आईबाप बावळट ठरतात.

दुसऱ्या ठिकाणी अडचण उलटी झाली. रोमिओ पहाटे फ्रायरकडे येतो आणि काल रात्री काय झालं ते आडून आडून सांगू लागतो. फ्रायर त्याला टोकतो. मूळ ओळीत कन्फेशन आणि श्रिफ्ट शेजारी शेजारी बसलेत: कोड्यात कन्फेशन दिलंस तर कोड्यातलीच श्रिफ्ट मिळेल. म्हणजे निदान या ओळीत तरी दोन्ही एक नव्हेत. एक रोमिओ देतो, दुसरं फ्रायर देतो. दिग्दर्शकाचा आग्रह होता की ‘कन्फेशन’ हा शब्द सगळ्यांना कळतो, हिंदी सिनेमाने शिकवलाय, तोच सगळीकडे ठेवू. या ओळीवर तो आग्रह अडला.

शब्दाचं मूळ आणि त्याचा उपयोग

इथे मी मूळ शोधायला बसलो. सुरुवातीला ती हौस होती, नंतर तिचाच उपयोग झाला.

श्रिफ्टचं मूळ लॅटिन ‘स्क्रीबेरे’, म्हणजे लिहिणे. जर्मन भाषेत आजही लिहिण्याला ‘श्राइबेन’ म्हणतात आणि लिपीला ‘श्रिफ्ट’च. पण ब्रिटनमध्ये आलेल्या अँग्लो-सॅक्सन लोकांच्या भाषेत ‘स्क्रिफान’ या क्रियापदाचा अर्थ वेगळ्या अंगाने वाढला: ठरवून देणे, नेमून देणे, आणि मग खास करून पाद्र्याने पाप्याला शिक्षा नेमून देणे. ‘स्क्रिफ्ट’ म्हणजे ती नेमून दिलेली शिक्षा; कधी कधी ती नेमून देणाऱ्या पाद्र्यालाही तेच म्हणत. डॅनिश भाषेत कबुलीच्या क्रियापदाचं मूळही हेच आहे.

लिहिण्याचा इथे काय संबंध, तर त्या काळात पाद्र्याकडे दर ठरवून दिलेल्या पोथ्या असायच्या. आयरिश मठांतून ही पद्धत पसरली. कँटरबरीचा आर्चबिशप थिओडोर, ६६८ ते ६९० या काळातला, त्याच्या नावाने अशी एक पोथी प्रसिद्ध आहे. अमुक पापाला इतके दिवस कोरडी भाकरी नि पाणी, तमुक पापाला इतकी वर्षं. पाद्री ऐकायचा, पापाला कोणता दर लागू होतो ते पाहायचा आणि नेमून द्यायचा. मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. कृच्छ्र, चांद्रायण ही प्रायश्चित्ताची उपवासव्रतं म्हणजे आपल्याकडचे दर, आणि पेशवाईच्या कागदपत्रांत दोषपत्र नि शुद्धिपत्र अशी रीतसर लेखी पत्रं सापडतात.

म्हणजे इंग्रजीने या विधीला जे नाव दिलं ते पाद्र्याच्या बाजूने दिलं. पापी काय सांगतो हे त्या नावात नाही. पाद्री काय देतो हे आहे. शेजारच्या जर्मनीत उलट झालं. तिथला ‘बाइष्टे’ हा शब्द जुन्या ‘म्हणणे, कबूल करणे’ या धातूतून आला, म्हणजे पाप्याच्या तोंडून. कन्फेशनही तसंच, लॅटिनमधल्या ‘मान्य करणे’ या क्रियापदावरून. ते फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलं आणि हळूहळू श्रिफ्टला मागे सारून बसलं.

१२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक ख्रिस्ती माणसाने वर्षातून एकदा तरी आपल्या पाद्र्याला पापं सांगावीत असा नियम केला. ट्रेंटच्या परिषदेने १५५१ मध्ये पाप्याने करायच्या तीन गोष्टी पुन्हा ठामपणे सांगितल्या: पश्चात्ताप, कबुली आणि नेमून दिलेलं फेडणं. त्यावर पाद्री पापमुक्ती देतो. पण तोवर इंग्लंड रोमपासून तुटलं होतं. १५४९ च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकाने पाद्र्याच्या कानात पाप सांगणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलं. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ पहिल्यांदा छापलं गेलं १५९७ साली. तेव्हाच्या लंडनकराच्या कानाला श्रिफ्ट हा आजीच्या काळचा, थोडा कॅथलिक, थोडा इटालियन वाटणारा शब्द असणार. हे कळल्यावर बाई म्हणाल्या, ‘‘मग मला जरा जुनाच शब्द हवा. कन्फेशन नको.’’ दिग्दर्शकाने हात टेकले, पण पूर्ण नाही.

जाता जाता एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. शेक्सपिअरच्या हयातीतच एक इंग्रज कॅथलिक पाद्री ख्रिस्ती कल्पना मराठीत कशा म्हणायच्या याशी झगडत होता. थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आला आणि त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं, ज्या वर्षी शेक्सपिअर वारला त्याच वर्षी. त्याने स्वर्गाला बेधडक वैकुंठ म्हटलं. आमच्या बाईंना तेवढं धाडस करायचं नव्हतं, पण त्याचा आधार त्यांना वाटला खरा.

तपासलेले पर्याय

एका रविवारी सगळे पर्याय फळ्यावर लिहून वाचून पाहिले. काही लगेच गळाले.

‘कबुली’ छोटा, तोंडात बसणारा, पण त्याला पोलीस चौकीचा वास. ‘कबुलीजबाब’ तर थेट पंचनाम्याच्या शेजारी जाऊन बसतो. ‘पापनिवेदन’ अर्थाने नेमका आणि व्याकरणाने निर्दोष, फक्त दाई तो मेली तरी उच्चारणार नाही. दाई ही घरात मुरलेली, वाह्यात बोलणारी बाई आहे. बायबलच्या मराठी भाषांतरात ‘पापे पदरी घेणे’ असा प्रयोग येतो. तो सगळ्यांना आवडला. पण पदर शब्द आला की मराठी प्रेक्षकाला लग्न आठवतं, पदरी पडलं पवित्र झालं हेही आठवतं, आणि जिथे मुलगी खरंच लग्नाला निघालीय तिथे गुपित फुटल्यासारखं होतं.

प्रकाशयोजना करणारा मुलगा जैन. तो म्हणाला, ‘‘आमच्यात याला आलोचना म्हणतात. गुरूपुढे दोष सांगायचे, मग गुरू प्रायश्चित्त देतात.’’ रचना म्हणून हा सगळ्यांत जवळचा पर्याय होता. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात प्रायश्चित्ताचे प्रकार मोजलेत, त्यांत पहिली आलोचनाच आहे. अडचण एवढीच की आज आलोचना म्हटलं की लोकांना टीका ऐकू येते. ‘‘आलोचनेला निघालीस का?’’ यावर तालीम अर्धा तास हसण्यात गेली.

मग दाईचं काम करणारीने आपला शब्द काढला. तिच्या घरी म्हणतात कुमसार. ‘‘कुमसाराक वचपाचें,’’ ती म्हणाली, ‘‘आजी दर शनिवारी विचारायची.’’ पोर्तुगीज ‘कॉन्फेसार’ कोकणी तोंडात घोळून झालेला हा शब्द, जसा त्यांच्याच ‘कोमुंगार’चा झाला कुमगार, म्हणजे पवित्र भाकरीचं ग्रहण. कुमसार ती म्हणायची तेव्हा त्याला संशयाचा लवलेश नसायचा. शनिवारची संध्याकाळ, धुतलेले कपडे, देवळात रांग. नाटकाला हवं होतं ते निरुपद्रवीपण या शब्दात होतं. पण गोव्याबाहेरच्या किती प्रेक्षकांना कळला असता? शिवाय दाईच्या तोंडी तो घातला की ती एकदम म्हापशाची होते, आणि बाकीची मंडळी व्हेरोनात राहतात.

शेवटचा पर्याय विधी बदलण्याचा: ‘‘देवळात जायची परवानगी मिळाली का?’’ ऐकायला सहज, आईबापांना निर्धास्त करणारं. पण देवळात माणसं असतात. फ्रायरकडे जाण्यात एकांत आहे, आणि तिथे बोललेलं बाहेर जाणार नाही ही हमी आहे. ती गेली तर नाटक दुबळं होतं.

निर्णयाची पहिली जागा: एक शब्द की अनेक

इथवर सगळे एका शब्दाच्या शोधात होते. बाई शिक्षिका, एका इंग्रजी शब्दाला एक मराठी शब्द ही त्यांची शिस्त, आणि भाषांतरात ती बहुतेकदा योग्यच असते. पात्रांच्या तोंडी शब्दाची पुनरावृत्ती ऐकू आली पाहिजे, हे त्यांचं म्हणणं मलाही पटत होतं.

पण मुळातली पुनरावृत्ती तपासली तर प्रत्येक पात्र श्रिफ्टकडून वेगळं काम करून घेतं. पहिल्या अंकात रोमिओचा बाप आपल्या पुतण्याला, बेन्व्होलिओला, म्हणतो, पोरगा तुझ्यापाशी तरी खरी श्रिफ्ट देवो. तिथे पाद्रीही नाही, पापही नाही. मनातलं मोकळेपणाने सांगणं आहे. फ्रायरसाठी ती त्याने द्यायची गोष्ट आहे. रोमिओसाठी बहाणा. दाईसाठी परवानगीचा विषय. म्हणून फळा पुसून आम्ही दुसराच तक्ता मांडला: या ओळीत कोण, कुणाला, काय देतंय? शब्दाचं मूळ इथे कामाला आलं. ते माहीत नसतं तर ‘फ्रायर देतो’ हा रकाना आम्ही काढलाच नसता, सगळं ‘पोरगी सांगते’ या एकाच रकान्यात गेलं असतं.

बाईंना हे मान्य व्हायला दोन वाचनं लागली. त्यांचा आक्षेप असा: ‘‘प्रेक्षकाला कसं कळणार की हे सगळं एकाच विधीबद्दल आहे?’’ यावर तोडगा निघाला तो साधा. विधीचं नाव न घेता विधीची जागा सगळीकडे तीच ठेवायची. फ्रायरला सगळी पात्रं ‘फादर’ म्हणतील आणि ‘फादरकडे जाणं’ हाच नाटकभर धागा राहील.

निर्णयाची दुसरी जागा: फ्रायरची ओळ

कोड्याची ओळ अडून बसली होती. ‘‘कोड्यात कबूल करशील तर माफीही कोड्यातच मिळेल’’ असं एक रूप होतं. चाललं असतं. पण माफी म्हणजे श्रिफ्ट नव्हे. पाद्री नुसतं सोडत नाही, काहीतरी नेमूनही देतो.

त्या प्रवेशाची सुरुवात आठवा. फ्रायर हातात टोपली घेऊन पहाटे झाडपाला गोळा करतोय आणि एका फुलाबद्दल बोलतोय, ज्यात विषही आहे आणि औषधही. नेमका तेवढ्यात रोमिओ येतो. बाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘उतारा.’’

उतारा म्हणजे विषावरचं औषध. उतारा म्हणजे दृष्ट काढून ओवाळून टाकतात तो. आणि उतारा म्हणजे कागदावरून उतरवून घेतलेली नक्कल, ज्याला तलाठ्याच्या दारात आपण सगळे रांगा लावतो. लिहिणं, औषध आणि आलेलं संकट उतरवणं, तिन्ही एका मराठी शब्दात, आणि फ्रायरच्या टोपलीशेजारी. कुणीतरी लगेच ‘‘सातबारा का?’’ म्हणालंच. धोका तोच होता. पण ‘कोड्यात सांगशील दुखणं, तर उताराही कोड्यातच मिळेल’ असं वाक्य पुरं म्हटलं की सातबारा आपोआप मागे पडतो. हे वाक्य राहिलं.

माझ्या मते अख्ख्या भाषांतरात याहून चांगली ओळ नाही, कारण ती पुढे जाऊन खरी होते. चौथ्या अंकात ज्युलिएट पाप सांगायच्या निमित्ताने येते आणि फ्रायर तिला खरोखरच औषध नेमून देतो: बेचाळीस तास मेल्यासारखं निजवणारं. त्याच्या उताऱ्याने दोघांचा जीव जातो.

निर्णयाची तिसरी जागा: प्रायश्चित्त परत येतं

ज्युलिएट कुपी लपवून घरी परतते तेव्हा दाई बापाला म्हणते, बघा, श्रिफ्टहून येतेय, चेहरा कसा खुललाय. मग ज्युलिएट गुडघे टेकते आणि म्हणते की तुमचा शब्द मोडल्याचा मला पश्चात्ताप झाला, फादरनी मला तुमच्यापुढे लोटांगण घालून माफी मागायला सांगितलंय.

तक्त्यात ही जागा पाहिली आणि सगळेच गप्प झाले. इथे पोरगी बापाला नेमून दिलेली शिक्षाच ऐकवतेय. खोटी, पण रीत पाळून. तिचा अपराध बापाला ठाऊक आहे, चारचौघांत झालेला आहे. म्हणजे इथे प्रायश्चित्त हा शब्द अगदी बरोबर बसतो, जो पहिल्या दिवशी आम्ही हद्दपार केला होता. बाईंनी तो ज्युलिएटच्या तोंडी घातला: ‘‘फादरनी मला प्रायश्चित्त सांगितलंय. तुमच्या पाया पडून क्षमा मागायची.’’ ‘प्रायश्चित्त सांगणं’ हा शास्त्र्यांच्या तोंडचा जुना प्रयोगही आपसूक आला. बापाचं काम करणाऱ्याने या वाक्यानंतर एक लांब श्वास घ्यायला सुरुवात केली, सुटल्यासारखा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

नेपथ्याचा एक वाद

हा थोडक्यात. नेपथ्यकाराने जाळी लावलेला लाकडी कन्फेशन बॉक्स आखला होता. तशी पेटी सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिलानचा आर्चबिशप कार्लो बोर्रोमेओ याने रूढ केली, आणि नाटकात फ्रायरची तर साधी कोठडी आहे. पेटी आणली की प्रेक्षक सिनेमात जातो. पेटी रद्द झाली. एक बाकडं, एक टोपली आणि सुकत घातलेल्या मुळ्या आल्या. लाकडाचे पैसे वाचले हा खजिनदाराचा आनंद वेगळा.

प्रत्यक्षात काय केलं

प्रयोगाच्या संहितेत शेवटी अशी मांडणी झाली. रोमिओचा बाप: ‘‘तुझ्यापाशी तरी तो मन उघडं करो.’’ फ्रायर: उताऱ्याची ओळ. दाई: ‘‘फादरकडे जायचं घरात विचारून ठेवलंयस ना आज?’’ यातला ‘विचारून ठेवणं’ हा प्रयोग दाईच्या कलाकाराचाच; परवानगी या सरकारी शब्दाला तिने पहिल्या दिवसापासून नाक मुरडलं होतं. परतीच्या वेळी दाई: ‘‘ही बघा, आली फादरकडून ओझं उतरवून. तोंड कसं खुललंय!’’ इथलं ‘उतरवून’ फ्रायरच्या उताऱ्याशी नातं सांगतं. कानाला ते कळतं की नाही माहीत नाही, पण बाईंना ते हवं होतं.

दिग्दर्शकाचं कन्फेशनही एका जागी राहिलं. बापाने ज्युलिएटसाठी ठरवलेला नवरा पॅरिस तिला फ्रायरच्या दारात गाठून विचारतो, फादरपुढे कन्फेशन द्यायला आलीस का, आणि ती म्हणते, याचं उत्तर दिलं तर ते तुमच्यापुढेच कन्फेशन होईल. मूळ संवादात इथे श्रिफ्ट नाहीच, कन्फेशन आहे, आणि तो सगळा खेळ ‘सांगण्या’वर आहे, ‘देण्या’वर नाही. कन्फेशन हा शब्द प्रेक्षकाला लगेच कळल्यामुळे विनोद वेगात गेला.

संहिता पक्की करण्यापूर्वी वसईच्या एका फादरना वाचून दाखवली. त्यांनी शब्दांत काही बदललं नाही. एवढंच म्हणाले की पाप ऐकणारा पाद्री ऐकलेलं कधीच बाहेर काढत नाही, तेव्हा फ्रायरने बापाशी बोलताना चुकूनही ‘तिने मला सांगितलं’ अशी वाक्यरचना नको. एक वाक्य त्यानुसार बदललं.

निष्पत्ती

दाईच्या ओळीवर प्रत्येक प्रयोगाला हशा आला, आणि तो योग्य जागी: सगळ्यांना कळत होतं की ‘फादरकडे जाणं’ म्हणजे काय भानगड आहे, आईबाप सोडून. फ्रायरची ओळ शांततेत जायची. एका प्रेक्षकाने त्याला ‘तो वैदू’ म्हटलं. बाईंनी ते कौतुक समजून घेतलं, दिग्दर्शकाने नाही.

जे जमलं नाही ते रोमिओच्या निरोपाचं वाक्य. मुळात तो एका दमात म्हणतो की तिथे तिची श्रिफ्टही होईल आणि लग्नही. दोन संस्कार, दोन क्रियापदं, एका ओळीत. आमच्याकडे ‘‘फादर तिचं ऐकूनही घेतील आणि आमचं लग्नही लावतील’’ एवढ्यावर थांबलं. अर्थ पोचतो, पण ‘ऐकून घेतील’ हे फारच सपाट, आणि फ्रायर देणारा आहे हे नेमकं इथेच निसटतं.

वेगळं काय करता आलं असतं

‘कोण, कुणाला, काय देतंय’ हा तक्ता पहिल्या खर्ड्याआधी मांडायला हवा होता. तो चौथ्या बैठकीत आला, आणि तोवर अर्ध्या कलाकारांची जुनी वाक्यं पाठ झाली होती. एक कलाकार शेवटच्या प्रयोगापर्यंत अधूनमधून ‘प्रायश्चित्ताला’ जायचा.

कुमसार आम्ही घाईने बाजूला ठेवला असं मला अजूनही वाटतं. दाई एकटीच असताना, स्वतःशी बडबडताना, एकदा तो शब्द तिच्या तोंडून गेला असता तर म्हापसा अवतरला नसता. उलट तिचं घरातलं वेगळेपण दिसलं असतं. बाई यावर सहमत नाहीत. त्यांच्या मते एका ठिकाणी मोकळीक दिली की पुढच्या तालमीला मालवणीही येते. वसईच्या फादरना तिसऱ्या नव्हे तर पहिल्या आठवड्यात भेटायला हवं होतं, यावर मात्र एकमत आहे.

संस्थेने आता ‘रिचर्ड द थर्ड’चे काही प्रवेश हाती घेतलेत, आणि ‘शॉर्ट श्रिफ्ट’चा उगम तिथेच आहे. हेस्टिंग्जचं डोकं उडवायला नेताना रॅटक्लिफ त्याला घाई करतो, कारण ड्यूकला, म्हणजे रिचर्डला, जेवायला बसायचंय आणि त्याआधी हे डोकं बघायचंय. इथे उतारा चालणार नाही. मरणाऱ्याला देण्यासारखं कुणाकडे काही नाही, वेळसुद्धा. तक्त्यात ‘काय देतंय’ हा रकाना कोरा ठेवून बाईंनी सध्या असं लिहिलंय: ‘‘आटपा सरकार, तिकडे पानं वाढून खोळंबलीत. काय पाप-बिप असेल ते झटपट ओका. साहेबांना तुमचं डोकं बघायची घाई झालीय.’’ ‘ओका’ राहतं की ‘सांगून टाका’ येतं, यावर पुढच्या रविवारी बैठक आहे.